बेटावरची वॉकीटॉकी गहाळ झाल्याबाबत

पोलीस चौकी, काठटाकळी, जिल्हा जालना
दिनांक ७ ऑक्टोबर १९९८, बुधवार, सकाळी साडेदहा

नाव: रामकिसन आसाराम गव्हाणे. वय: ३८ वर्षे. शिक्षण: आठवी पास. धंदा: जीपचालक, गोदाकाठ पूर मदत समिती, शिवाय घरची चार एकर शेती. राहणार: काठटाकळी, मारुतीच्या पारामागे.

मी समक्ष चौकीत हजर राहून, कोणाच्याही धाकाखाली नसताना जबाब देतो की, मी वरील ठिकाणी आई, बायको व दोन मुलींसह राहतो. समितीची जीप मी साडेतीन वर्षांपासून चालवतो. या काळात जीपला माझ्या हातून एकही ओरखडा आलेला नाही. डाव्या मडगार्डला जो पोचा आहे तो अध्यक्ष काकासाहेब गाडी शिकत होते त्या दिवसाचा आहे. तो या जबाबाचा विषय नाही असं जमादारसाहेब म्हणतात, म्हणून सोडून देतो.

अध्यक्षांनी दिनांक ३ रोजी चौकीत दिलेला अर्ज मला वाचून दाखवला. त्यात माझ्याविषयी तीन गोष्टी लिहिल्या आहेत. मी समितीची वॉकीटॉकी माझ्या नात्यातल्या बाईला दिली आणि ती पुरात गहाळ झाली, ही पहिली. परवानगी नसताना मी जीप पाण्यात घातली, ही दुसरी. आणि वॉकीटॉकी ऐनवेळी बोललीच नाही, त्यामुळे मदत उशिरा पोचली व बेटाच्या वस्तीवरचे पुंजाराम मापारी, वय ६०, हे बुडून मरण पावले, ही तिसरी. मला कामावरून काढावं आणि माझ्यावर गुन्हा दाखल करावा अशी मागणी आहे. पहिल्या दोन गोष्टी ऐकून मला हसू आलं. तिसरी ऐकून आलं नाही.

अर्जात म्हटलेली नात्यातली बाई म्हणजे चतुराबाई दगडू मापारी, वय ६५. ती माझी सख्खी आत्या आहे. हे मी आधीच कबूल करतो, कारण अर्जात त्या शब्दाखाली दोन रेघा मारल्या आहेत. मयत पुंजाराम हे तिचे धाकटे दीर. मी त्यांना मामा म्हणायचो. बेटाची वस्ती शहागडच्या बाजूला नदीच्या दोन फाट्यांच्या मधे आहे. उन्हाळ्यात तिथे बैलगाडी जाते, पावसाळ्यात काहिलीतून जावं लागतं. काहील म्हणजे गूळ आटवायची मोठी लोखंडी कढई. आमच्या भागातली गुऱ्हाळं बंद पडली, काहिली राहिल्या, त्या आता नावेच्या कामाला येतात.

वॉकीटॉकी कशी आली हे विचारल्यावरून सांगतो की, दिनांक १४ जून रोजी समितीची बैठक झाली. पुराच्या वेळी निरोप पोचवायला कोणता वायरलेस घ्यायचा हे ठरवायचं होतं. पुण्याहून एक विक्रेता दोन खोकी घेऊन आला होता. एकात गाडीवर बसवायचा वायरलेस होता. तो पंचवीस वॅटचा, गाडीच्या बॅटरीवर चालतो, छपरावर उंच एरियल लागते आणि आवाज तीस किलोमीटर जातो. दुसऱ्या खोक्यात वॉकीटॉकी. ती पाच वॅटची, हातात मावते, झाडाझुडपांतून तीनचार किलोमीटर पोचते आणि एकदा चार्ज केली की आठ तास चालते. माणूस खरं बोलत होता आणि त्याच्या वस्तूही खऱ्या होत्या. घोटाळा ऐकणाऱ्यांत होता.

समितीचे सचिव गिरिधर वाईकर हे निवृत्त अभियंता आहेत, जालन्याला राहतात. त्यांनी कागदावर दोन रकाने आखून आणले होते. दोन्ही रकाने त्यांनी असे तोलून भरले होते की वाचणाऱ्याने शेवटी चहा मागवावा. काकासाहेबांनी कागद वाचला नाही. ते जीपभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "मोठंच घ्या. गाडीला एरियल असली म्हंजी लांबून कळतं कोन आलंय ते. ते हातातलं खेळनं कुनाच्या नजरंत भरायचं न्हाई."

बेटावरचं कोणीतरी बैठकीला पाहिजे असा नियम असल्यामुळे चतुराबाईला बोलावलं होतं. ती दाराशी बसली होती. तिने विचारलं, "गाडीवरचा चांगला हाय. पन गाडी बेटावर येती का?"

काकासाहेब म्हणाले, "पावसाळ्यात कशी येईल, चतुराबाई?"

"मंग पूर काय उन्हाळ्यात येतो का?"

लोक हसले. काकासाहेबही हसले, पण त्यांना हसायला थोडा वेळ लागला. म्हणाले, "तुमचा आवाज तर तसाच नदीपल्याड जातो. तुमाला मशीन कशाला?"

"जातो की. पन पल्याडच्यानं ऐकून घ्यायला पायजे," चतुराबाई म्हणाली. हे बोलणं त्या बैठकीच्या इतिवृत्तात नाही. चहा किती वाजता आला ते आहे.

गाडीवरचा एक वायरलेस आणि समितीच्या ऑफिसात ठेवायचा एक बेस सेट घ्यावा असा ठराव झाला. विक्रेत्याने एक वॉकीटॉकी नमुना म्हणून फुकट दिली. तिच्याविषयी ठरावात एकच ओळ आहे: ती अध्यक्षांकडे राहील. त्याप्रमाणे ती तीन आठवडे अध्यक्षांच्या कमरेला राहिली. त्याच काळात मी त्यांना मंठ्याला एका लग्नाला घेऊन गेलो. मंगलाष्टका चालू असताना त्यांनी वॉकीटॉकी कानाला लावली आणि "बोला, बोला, ऐकून राह्यलो," असं दोनतीन वेळा म्हणाले. मुलीकडच्यांनी उठून त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवलं. त्या दिवशी वॉकीटॉकीत बॅटरी नव्हती. ती घरी चार्जरला लावलेली होती, आणि ती लावणारा मीच होतो.

(जमादार यांनी हा मजकूर विषयाला धरून नाही असे निदर्शनास आणले. जबाब देणाऱ्याने सांगितले की, वॉकीटॉकी कधी कधी बोलत नाही या तक्रारीशी तो धरून आहे. सबब लिहिला.)

पुढे जो काही शहाणपणा झाला तो वाईकरसाहेबांचा. त्यांचं श्रेय त्यांना द्यायला पाहिजे, नंतर ते गप्प बसले तरी. ते म्हणाले, दोन्हींतलं एक निवडायचा प्रश्नच नाही. शहागडच्या अलीकडे मसोबाचं टेकाड आहे. बेटापासून ते तीन किलोमीटर आणि काठटाकळीपासून आठ. बेटावरची वॉकीटॉकी काठटाकळीपर्यंत पोचत नाही, पण टेकाडापर्यंत पोचते. जीप टेकाडावर उभी राहिली तर ती वॉकीटॉकीचं ऐकेल आणि ऑफिसला सांगेल. दिनांक १२ जुलै रोजी तशी तालीम घेतली, शब्द न् शब्द ऐकू आला. मग नियम ठरला: वरून पाणी सोडल्याचा निरोप आला की जीप टेकाडावर न्यायची, वायरलेस चालू ठेवायचा आणि ऐकत राहायचं. सगळी मेख त्या शेवटच्या दोन शब्दांत होती.

वॉकीटॉकी वस्तीवर द्यायची तर रजिस्टरला पुरुषाची सही पाहिजे असं अध्यक्षांचं म्हणणं पडलं. वस्तीवरचे तरणे पुरुष साखर कारखान्यावर कामाला होते आणि पुंजाराममामांना कमी ऐकू यायचं. म्हणून चतुराबाईचा अंगठा घेतला आणि खाली माझी सही. नात्यातल्या बाईला दिली ती अशी दिली.

तिला चालवायला मी शिकवलं. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं, आणि बोलणं संपलं की ओव्हर म्हणायचं. ती म्हणाली, "म्हंजी माझं झालं, आता तू बोल, येवढंच ना? मंग तसंच म्हनते की." तेव्हापासून ती प्रत्येक बोलण्याच्या शेवटी "बोल आता" म्हणते. ऑफिसातला बेस सेट सांभाळणारा वसंता महिनाभरात तेच म्हणायला लागला. दर आठवड्याला शहागडच्या बाजारात ती उतरलेली बॅटरी मला द्यायची आणि मी चार्ज केलेली तिला द्यायचो. सोबत कधी वांगी असायची, कधी एखादी शिवी. एकही आठवडा चुकला नाही.

घटनेच्या दिवशीची हकीगत विचारल्यावरून सांगतो की, दिनांक ३० सप्टेंबर, बुधवार, त्या दिवशी खंडेनवमी होती. सकाळी आठ वाजता निरोप आला की वरून पाणी सोडलं आहे, आपल्या भागात दुपारी चारनंतर पोचेल. नियमाप्रमाणे मी नऊला जीप टेकाडावर लावली. सव्वानऊला चतुराबाईची हाक आली. "पानी पायरीच्या खाली हाय. भावजी इचारून राह्यले, गुरं आताच सोडायची का? बोल आता."

मी म्हणालो, "चारपर्यंत टाइम हाय, आत्या. घाई करू नका. म्या इथंच हाय. कवा बी हाक मार."

हे मी म्हणालो. बरोबर याच शब्दांत.

साडेदहाला अध्यक्ष काकासाहेब वीसेक लोक, गुरुजी आणि एक फोटोवाला घेऊन टेकाडावर आले. खंडेनवमीला आमच्याकडे ज्याचं जे हत्यार असेल त्याची पूजा करतात. शेतकरी नांगर-विळ्याची करतो, दुकानदार तराजूची, ड्रायव्हर गाडीची. समितीचं हत्यार जीप, म्हणून समितीची पूजा जीपची. ती ऑफिसच्या अंगणातही झाली असती. पण फोटोत मागे नदी पाहिजे असं अध्यक्षांच्या मनात होतं. एरियलला झेंडूची माळ बांधली. एरियल माळेच्या ओझ्याने वाकली तेव्हा फोटोवाल्याने ती दोरीने सरळ केली. बॉनेटवर स्वस्तिक काढलं. वायरलेसच्या बटणाला गुरुजींनी हळद-कुंकू लावलं, त्यावर अक्षता टाकल्या आणि वर एक फूल ठेवलं.

अकराला पूजा ऐन रंगात असताना वायरलेस खरखरला. कोणी बोलत नव्हतं, नुसतीच खरखर होती. काकासाहेब म्हणाले, "रामकिसन, बंद कर ते. देवाचं चालू हाय." मी बंद केला. बटण मी माझ्या हाताने फिरवलं. कोणी माझा हात धरला नव्हता.

पूजा आटोपल्यावर मी तो चालू केला नाही. पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, त्याला विसावा द्यायचा, ही आमच्याकडची रीत आहे. माझे वडील खंडेनवमीला विळासुद्धा उचलत नसत, गुरांना आदल्या दिवशीच चारा कापून ठेवत. शिवाय पाणी चारला येणार होतं. बटणावरचं फूल बाजूला करून ते फिरवायला मला जेवढा वेळ लागला असता तेवढ्या वेळात माणूस नाकावरची माशी पण हाकलत नाही. मी ते केलं नाही. फूल खाली पडेल म्हणून जपून दार लावून घेतलं.

तिथून एक किलोमीटरवर काकासाहेबांचा आखाडा, म्हणजे शेतावरचं घर, आहे. तिथे सगळ्यांना जेवण होतं. मी पुरणाच्या दोन पोळ्या खाल्ल्या आणि तिसरी अर्धी. वरून तूप होतं.

(पोळ्यांचा तपशील आवश्यक नाही असे जमादार यांनी सांगितले. जबाब देणाऱ्याने तो राहू द्यावा अशी विनंती केली.)

पाण्याविषयी विचारल्यावरून सांगतो की, वरचं पाणी चारनंतर यायचं होतं आणि ते त्याप्रमाणेच आलं, त्यात निरोप देणाऱ्याची चूक नाही. पण सकाळी आमच्या पट्ट्यात पाऊस झाला होता. त्याने अलीकडचा ओढा फुगला आणि साडेअकराच्या सुमारास बेटाच्या मागच्या फाट्यात घुसला. ओढ्याचा निरोप कोणी कोणाला देत नाही. तो देण्यासाठीच वॉकीटॉकी बेटावर होती.

मी तीन वाजता टेकाडावर परत आलो. जीपमध्ये सावलीला बसलो. तीन वाजून वीस मिनिटांनी नदीतून एक बैल वाहत येताना दिसला. पोहत होता, पण दमलेला होता. त्याचं एक शिंग लाल होतं आणि एक निळं. पोळ्याला दोन्ही शिंगं दोन रंगांत रंगवणारा माणूस आमच्या पंचक्रोशीत एकच होता. लोक हसायचे तर पुंजाराममामा म्हणायचे, "हसा. हरवला तर वळखायला बरा."

मी वायरलेस चालू केला. लगेच आवाज आला. "हाय का कुनी? बोल आता."

मी म्हणालो, "आत्या, म्या हाय."

मग आलं, "भावजी गुरं सोडाया गेल्ते. पान्यानं येढलं मंग लिंबावर चढले. लिंब मोडून गेला. आमी सहाजनं धाब्यावर हाव. बोल आता."

मी बटण दाबलं आणि तसंच सोडलं. ती पुन्हा म्हणाली, "बोल आता."

त्यानंतर मी ऑफिसला पाच हाका मारल्या. उत्तर आलं नाही. बेस सेटचीही सकाळी पूजा झाली होती, आणि तो बंद करून वसंता दुसऱ्या दिवसासाठी आपट्याची पानं आणायला गेला होता. म्हणजे समितीकडे एकंदर तीन वायरलेस होते. त्यांपैकी पंचवीस वॅटचे दोन त्या दिवशी विसावा घेत होते आणि पाच वॅटचा एक कामावर होता.

मी जीप शहागडला संपत भोई याच्याकडे नेली. त्यानेही सकाळी आपल्या दोन काहिलींना हळद-कुंकू वाहून त्या पालथ्या घालून ठेवल्या होत्या. मी सांगितलं तेव्हा त्याने पूजेकडे पाहिलं, नमस्कार केला आणि म्हणाला, "मानसं हायती म्हनल्यावर उचलावीच लागंल. देव काय पळून चाल्ला का?" काहिली दोराने एकमेकींना बांधून त्याने पाण्यात सोडल्या.

जीप पाण्यात घातली हे खरं आहे. काठावरच्या बाभळींआडून वस्तीचं धाबं, म्हणजे घराचं मातीचं सपाट छप्पर, दिसत नव्हतं आणि आवाज तुटत होता. म्हणून मी जीप उताराने खाली घेतली. पाणी बॉनेटला लागलं, स्वस्तिक धुऊन गेलं. परवानगी घेतली नाही. परवानगी देणारे दुपारची झोप घेत होते. तिथून धाबं समोर दिसत होतं. धार कुठे जोराची आहे ते चतुराबाईला वरून कळत होतं, संपतला कळत नव्हतं. ती वॉकीटॉकीवर सांगायची, मी जीपमधून ओरडून संपतला सांगायचो. ती म्हणाली, "उजवीकडून नका. लिंबाच्या बुडाकडून या. तिथं पानी थांबलंय. बोल आता." ज्या लिंबावरून मामा गेले त्याच्याच बुडाचा आडोसा धरून काहिली आत गेल्या.

चार वाजून पाच मिनिटांपासून पावणेसहापर्यंत तीन खेपा झाल्या. आधी तीन मुलं, मग दोन सुना, शेवटी चतुराबाई. पाच वाजता वरचं पाणी लागलं. शेवटची खेप संपतने कशी आणली ते त्यालाच विचारावं, मला सांगता येणार नाही, मी डोळे मिटले होते.

चतुराबाई काहिलीतून उतरली तेव्हा तिच्या डोक्यावर पिठाचा डबा होता आणि पिठात वॉकीटॉकी होती. तिला घड्याळ कळत नाही. तिने उत्तर न आलेल्या प्रत्येक हाकेला लुगड्याच्या पदराला एक गाठ मारली होती. हाक मारायची, ऐकायचं, बॅटरी टिकावी म्हणून बंद करायची, गाठ मारायची, पुन्हा थोड्या वेळाने चालू करायची. तिने पदर माझ्यापुढे धरला. मी गाठी मोजल्या. अकरा होत्या. बारावी हाक मी ऐकली. पहिल्या चारपाच गाठी मारल्या तोवर मागच्या फाट्यातून काहील सहज गेली असती असं संपत म्हणतो, आणि मामा तेव्हा लिंबावर होते. तिने पदर खांद्यावर घेतला आणि पोरांकडे गेली. त्या वेळेपासून ती माझ्याशी एक शब्दही बोललेली नाही.

मयत पुंजाराम यांचं प्रेत दिनांक २ रोजी खालच्या अंगाला चार किलोमीटरवर मिळालं. दसऱ्याला अध्यक्ष सोनं वाटायला घरोघर गेले होते. मापाऱ्यांकडे गेले नाहीत. त्यांचं घर जागेवर नव्हतं, त्यामुळे हा दोष त्यांना देता येणार नाही.

वॉकीटॉकी कुठे आहे हे विचारल्यावरून सांगतो की, ती गहाळ नाही. चतुराबाई या क्षणी चौकीत समोरच्या बाकावर बसली आहे आणि पिठाचा डबा तिच्या मांडीवर आहे. मी आणलेली बॅटरी जमादारसाहेबांनी स्वतः डब्यातल्या वॉकीटॉकीत घातली. दिवा लागला, खरखर आली, फटीतून थोडं ज्वारीचं पीठ टेबलावर पडलं. वॉकीटॉकी हरवली असा अर्ज ज्या दिवशी दिला त्या दिवशी ही बाई समितीच्या ऑफिससमोरच्या शाळेत बाकी पाच जणांसह राहत होती. मधे फक्त रस्ता आहे. रस्ता ओलांडून कोणी तिला विचारलं नाही.

वायरलेस चालू होता असं अध्यक्षांनी अर्जात म्हटलं आहे. जीप सुस्थितीत होती हे दाखवायला त्यांनी पूजेचा फोटो अर्जाला जोडला आहे. फोटो छान आला आहे. मागे नदी आहे, पुढे अध्यक्ष आहेत, आणि जीपच्या उघड्या दारातून वायरलेसही दिसतो. तो चालू असला की त्याचा लाल दिवा लागतो. फोटोत झेंडू आहे, कुंकू आहे, दिवा लागलेला नाही. आणि बटणाजवळ जो हात दिसतो तो माझा आहे, मनगटावरच्या पितळी कड्यावरून ओळखता येईल.

दिनांक ४ रोजी समितीने नवीन ठराव केला आहे. वॉकीटॉकी भरवशाची नाही असा अनुभव आला, सबब बेटावर पुन्हा देऊ नये, काठावरच्या बाकी चार वस्त्यांना द्यायच्या होत्या त्या घेऊ नयेत, आणि गाडीवरचा आणखी एक वायरलेस घेऊन तो अध्यक्षांच्या स्वतःच्या गाडीवर बसवावा. वाईकरसाहेबांची त्यावर सही आहे. मी त्यांना विचारलं तर ते चष्मा पुसत म्हणाले, "रामकिसन, तांत्रिकदृष्ट्या तुमचं बरोबर आहे." तांत्रिकदृष्ट्या हा शब्द मी तेव्हाच शिकलो. बरोबर असून सही उलटी करायची असली की तो वापरतात.

अकरा ते तीन वीस या वेळेविषयी अर्जात मला काही विचारलेलं नाही. जमादारसाहेबांनी पेन खाली ठेवून मला समजावलं की, तेवढा मजकूर गाळला तर माझ्यावर जीप ओली केल्याचाच ठपका राहतो, वॉकीटॉकी तर सापडली आहे, नोकरी वाचेल, घरी दोन मुली आहेत. ते माझ्या भल्याचंच बोलत होते.

(हे वाक्य लिहिण्यास जमादार यांनी नापसंती दर्शवली. जबाब देणाऱ्याने आग्रह धरला.)

मी त्यांना सांगितलं की ते गाळायचं नाही. ते गाळलं तर मामांचं मरण वॉकीटॉकीच्या नावावर जाईल. तिला नोकरी नाही, तिचं कोणी वाकडं करणार नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात चार वस्त्यांवर हाक मारायला काही नसेल. वॉकीटॉकी अकरा वेळा बोलली. ऐकणारा झोपला नव्हता, मेला नव्हता, पुरणपोळी खात होता. बंद कर असं अध्यक्ष म्हणाले ते खरं, पण ते तर बैठकीतही बरंच काही म्हणतात, मी सगळंच कुठे ऐकतो? तेवढं मात्र ऐकलं. मला त्या चार तासांची लाज वाटते. जेवताना वाटते, गाडी चालवताना वाटते, आत्ता सांगतानाही वाटते आहे. यावर जो काही गुन्हा बसत असेल तो माझ्यावर बसवावा. अध्यक्षांवर बसतो का ते सरकारने पाहावं. वॉकीटॉकीवर बसवू नये.

वरील सर्व मजकूर जमादारसाहेबांनी मला मोठ्याने, एकही ओळ न गाळता वाचून दाखवला. बाकावर बसलेल्या चतुराबाईनेही तो ऐकला. अकरा ते तीनचा भाग वाचून झाल्यावर ती डब्यावर हात ठेवून आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, "बराबर सांगितलंस." मग म्हणाली, "बोल आता."

जबाब मी इथे संपवला. तो मी सांगितला तसाच लिहिला आहे, त्यात कमीजास्त काही नाही.

सही
रामकिसन आसाराम गव्हाणे

वाचताना हजर: चतुराबाई दगडू मापारी, डाव्या हाताचा अंगठा